सेव्हन आयर्नचे प्रतल: गच्चीवरची रिंग आणि सोळा आठवड्यांच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

दीड वर्ष नियमित गोल्फ खेळूनही माझ्या सेव्हन आयर्नने, म्हणजे मध्यम अंतराच्या क्लबने (काठीने), मारलेला चेंडू उजवीकडे वळायचे थांबलेले नाही. त्यामुळे आजपासून एप्रिलअखेरपर्यंत एकच काम हाती घेत आहे, ते म्हणजे संपूर्ण स्विंगभर, म्हणजे क्लब मागे उचलण्यापासून फटक्यापर्यंत, तो त्याच्या प्रतलात ठेवायला शिकणे. शाळेच्या भूमितीत शिकलेला ‘प्रतल’ हा शब्द येथे अगदी नेमका लागू पडतो. अमेरिकी गोल्फपटू बेन होगन यांनी १९५७ साली खेळाडूंसमोर जी कल्पना मांडली, तीत चेंडूपासून निघून खांद्यांवर टेकलेली एक मोठी तिरपी काच आहे आणि बॅकस्विंग करताना (क्लब मागे वर नेताना) हातांनी ती काच फोडायची नाही. मी मात्र खांद्यांऐवजी उभे राहताना शाफ्टचा, म्हणजे क्लबच्या दांड्याचा, जो कल असतो, तोच आधार धरणार आहे, कारण तो मोजता येतो.

सुरुवातीची स्थिती नोंदवून ठेवतो. पुण्यातील ज्या ड्रायव्हिंग रेंजवर (गोल्फच्या सराव मैदानावर) मी जातो, तेथे आज तीस चेंडू मोजून मारले. एकवीस चेंडू किंचित डावीकडे निघून उजवीकडे वळले, पाच सरळ डावीकडे गेले आणि फक्त चार लक्ष्याच्या आसपास पडले. डावीकडे सरळ जाणारा आणि उजवीकडे वळणारा चेंडू या दोन विरुद्ध चुका वाटतात, पण दोन्हींचे मूळ एकच आहे. क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूपलीकडून माझ्या पायांच्या दिशेने येतो. त्या मार्गाशी क्लबफेस, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग, काटकोनात असेल तर चेंडू सरळ डावीकडे जातो, आणि मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, असेल तर उजवीकडे वळतो.

१२ जानेवारी

आजचा दिवस चित्रीकरणात गेला आणि जवळजवळ संपूर्ण वाया गेला. मोबाइल एका प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवून मागून चित्रीकरण केले, पडद्यावर शाफ्टची रेघ आखली आणि बॅकस्विंग फारच उभा आहे, असा निष्कर्ष काढून तासभर तो सपाट करण्याचा सराव केला. घरी आल्यावर दोन चित्रफिती शेजारीशेजारी लावल्या, तेव्हा लक्षात आले की दुसऱ्या वेळी खुर्ची हातभर बाजूला सरकली होती आणि त्यामुळे तोच स्विंग एकदा उभा, एकदा सपाट दिसत होता. म्हणजे मी स्विंग दुरुस्त करत नव्हतो, खुर्चीची जागा दुरुस्त करत होतो.

त्यानंतर पुढील पद्धत ठरवली आणि ती शेवटपर्यंत पाळणार आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, क्लब धरलेल्या हातांच्या उंचीला, चेंडूच्या मागे नव्हे तर हातांच्या बरोबर मागे, आणि भिंगाचा रोख लक्ष्यरेषेला समांतर. जमिनीवर सुतळीचे दोन तुकडे ताणून ठेवले की ही समांतरता डोळ्यांनी तपासता येते. चित्रीकरण सकाळी लख्ख उजेडातच करावे, कारण उजेड कमी पडला की डाउनस्विंगमध्ये (क्लब वरून चेंडूकडे येताना) शाफ्टऐवजी धूसर पंखा दिसतो. स्लो मोशनमध्ये शाफ्ट धनुष्यासारखा वाकलेला दिसला तर घाबरू नये. मोबाइलचा कॅमेरा चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, त्यामुळे वेगाने फिरणारी सरळ वस्तूही वाकडी उमटते.

ट्रायपॉडला ७५० रुपये लागले. हा खर्च पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

१९ जानेवारी

योग्य जागेवरून घेतलेली पहिली चित्रफीत. तपासणीचा नियम साधा ठेवला आहे. शाफ्ट जमिनीला समांतर असेल त्या क्षणी तो लक्ष्यरेषेलाही समांतर असला पाहिजे, आणि इतर वेळी शाफ्टचे जे टोक जमिनीच्या अधिक जवळ असेल, त्याचा रोख लक्ष्यरेषेवर असला पाहिजे.

बॅकस्विंगच्या पहिल्या टप्प्यात माझा क्लब बऱ्यापैकी योग्य जागी आहे. डावा हात जमिनीला समांतर होतो, तेव्हाही ग्रिपच्या, म्हणजे क्लबच्या मुठीच्या, टोकाचा रोख चेंडूच्या जरा पलीकडे आहे, पण फार नाही. खरी गडबड वरून खाली वळतानाच्या क्षणी आहे. उजवा खांदा चेंडूच्या दिशेने पुढे झेपावतो, त्याबरोबर हात पुढे फेकले जातात आणि पुढच्या काही फ्रेममध्येच शाफ्ट आखलेल्या रेघेच्या वर जाऊन बसतो. संपूर्ण डाउनस्विंग पाव सेकंदाच्या आसपास संपतो. तेवढ्या वेळात चूक ओळखून ती सुधारणे कोणालाच शक्य नाही, त्यामुळे तिचा बंदोबस्त वळणापूर्वीच करावा लागेल.

ही सवय कोठून आली, हे मला पुरते ठाऊक आहे. वयाच्या दहाव्या वर्षापासून टेनिस बॉलचे क्रिकेट खेळलो आणि त्यात माझा हुकमी फटका मिडविकेटवरून आडवा मारलेला होता. उजव्या हाताचा जोर आणि उजवा खांदा, दोन्ही चेंडूवर. तेथे चेंडू छातीच्या उंचीला येतो, येथे तो जमिनीवर स्थिर पडलेला असतो, पण खांद्याला हा फरक कोणी सांगितलेला नाही.

येथे अमेरिकी गोल्फपटू जिम फ्युरिक यांचे उदाहरण लिहून ठेवावेसे वाटते. त्यांचा क्लब वर जाताना प्रतलाच्या बराच बाहेर असतो, मग मोठे वळण घेऊन तो खाली प्रतलात येतो. याच स्विंगवर त्यांनी २००३ साली गोल्फची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ साली पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत एका फेरीत सर्वांत कमी, म्हणजे ५८, फटक्यांचा विक्रम केला. बॅकस्विंग सुंदर करण्यात महिने घालवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मीही माझे काम डाउनस्विंगपुरते मर्यादित करत आहे.

२५ जानेवारी ते १ फेब्रुवारी

नुसत्या चित्रफिती पाहून शरीर शिकत नाही, त्याला स्पर्श लागतो. म्हणून शाफ्ट ज्यावरून घसरत जाईल अशी तिरपी रिंग बांधायचे ठरवले. खेळाडू रिंगच्या आत उभा राहतो, तिची खालची कड समोर चेंडूच्या बाजूला आणि वरची कड पाठीमागे असते. शाफ्ट रिंगवर टेकून फिरतो. क्लब प्रतलाच्या वर गेला की शाफ्ट रिंगवरून सुटतो आणि खेळाडूला ते तत्काळ कळते.

व्यास दीड मीटर धरला, म्हणजे परीघ ४.७१ मीटर. शेतीसाहित्याच्या दुकानातून ३२ मिलिमीटरचा काळा एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप सहा मीटर आणला, ५८ रुपये मीटरप्रमाणे ३४८ रुपये झाले. हा पाइप वेटोळ्यातच मिळतो, तेव्हा त्याची रिंग आपोआप होईल असा माझा समज होता आणि तो साफ चुकीचा ठरला. वेटोळ्याचा पाइप गोल असतो, पण सपाट नसतो. त्याला स्प्रिंगसारखा पीळ असतो. दोन्ही टोके जोडून फरशीवर ठेवल्यावर एका बाजूला फरशी आणि पाइप यांच्यात साडेतीन सेंटिमीटर फट राहिली. जी वस्तू स्वतःच प्रतलात नाही, तिच्यावरून क्लबचे प्रतल कसे शिकणार?

चार दिवस हीच फट घालवण्यात गेले. गच्चीवर खडूने वर्तुळ काढले, पाइप त्यावर ठेवून विटांनी दाबला, त्यावर उकळते पाणी ओतले आणि उन्हात तसाच ठेवला. फट एक सेंटिमीटरवर आली. पण रिंग उचलून तिरपी धरली की पाइप स्वतःच्या वजनाने खाली लोंबत होता.

२ फेब्रुवारी

शेवटी जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात रिंग घेऊन गेलो. दुकानदाराने ती हातात धरून दोनदा हलवली आणि म्हणाला, “साहेब, पाइपला नुसतं वाकवून काय होणार? आत सळई पाहिजे. दहाची सळई मशिनवर गोल करून देतो, पाइप वरून चढवू.” जे काम मी चार दिवस उकळत्या पाण्याने करू पाहत होतो, ते त्याच्या बेंडिंग मशिनवर वीस मिनिटांत झाले.

दहा मिलिमीटरची लोखंडी सळई, वजन सुमारे तीन किलो. ती पाइपमध्ये खडखडू नये म्हणून आधी तिच्यावर जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या. पाइप मुद्दाम दहा सेंटिमीटर तोकडा ठेवला आणि त्या मोकळ्या जागेत सळईची टोके वेल्ड केली. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप वितळू नये म्हणून दोन्ही बाजूंना ओली फडकी बांधली होती. ही उघडी जागा रिंगच्या वरच्या मागील कडेला येईल अशी ठेवली आहे, कारण शाफ्ट तेथे कधीच टेकत नाही. आधीच्या प्रयोगात मी टोके बाहेरून बसणाऱ्या लोखंडी जोडणीने जोडली होती आणि तिच्या धारेने शाफ्टच्या पॉलिशवर एक लांब चरा पडला, तो आता कायमचा आहे.

सळई आणि मजुरी ६२० रुपये. चौकोनी ट्यूबची चौकट, कोन बदलण्यासाठी छिद्रे आणि बोल्ट असलेले मागचे दोन उभे पाय, रंगकामासह २,१५० रुपये. फरशीवरची फट आता पाच मिलिमीटरच्या आत आहे.

८ फेब्रुवारी

रिंग गच्चीवर बसवली. समोर क्रिकेटच्या सरावाची जुनी जाळी, खाली काथ्याचे पायपुसणे आणि मारायला स्पंजचे चेंडू. गच्चीवर खरा चेंडू मारण्याचा विचारही कोणी करू नये. त्याचे वजन सुमारे ४६ ग्रॅम असते आणि जाळीच्या फटीतून सुटला तर तो शेजारच्या इमारतीत कोणाच्या डोक्यावर जाईल, हे सांगता येत नाही.

कोन कसा लावला, ते सविस्तर लिहितो. सेव्हन आयर्नचा लाय अँगल, म्हणजे क्लबचा तळ जमिनीवर सपाट असताना शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन, साधारण ६२ ते ६३ अंश असतो. मी मोबाइलच्या कोनमापकाने रिंग साडेबासष्ट अंशांवर लावली आणि चेंडूपासून रिंगच्या खालच्या कडेपर्यंत सुतळी ताणून जागा ठरवली. आत उभा राहिलो, तर माझा शाफ्ट रिंगवर टेकेचना. माझ्या नेहमीच्या उभे राहण्यात शाफ्टचा कोन ५७ अंश भरला. मी मानले की कारखान्यातला आकडा सर्वांना लागू होत नसावा, आणि रिंग ५७ अंशांवर उतरवली. शाफ्ट छान टेकला आणि मला समाधान वाटले.

क्लब जितका लांब, तितके प्रतल सपाट, हेही येथेच लिहून ठेवतो. सेव्हन आयर्न सुमारे ३७ इंच असतो आणि ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब क्लब, ४५ इंचांच्या आसपास, म्हणून एका कोनावर लावलेली रिंग दोघांना चालत नाही. अमेरिकी गोल्फपटू ब्रायसन डीशँबो यांनी आपले सर्व आयर्न साडेसदतीस इंचांचे करून ही अडचण आयर्नपुरती मुळातच मिटवली आणि २०२० साली यूएस ओपन जिंकली. माझ्याकडे नेहमीचेच क्लब आहेत, त्यामुळे पूर्ण प्रकल्पभर सेव्हन आयर्नखेरीज दुसरा क्लब हातात घेणार नाही.

१५ फेब्रुवारी

आठवडाभर रोज सकाळी चाळीस अर्धे स्विंग केले. अर्धेच, कारण हात खांद्याच्या वर गेले की शाफ्ट रिंगवरून सुटतोच आणि तेथे रिंगचा उपयोग संपतो.

स्पंजच्या चेंडूवर ओला खडू लावून मारले आणि क्लबफेसवर ठसे पाहिले. सगळे ठसे टाचेकडे, म्हणजे क्लबच्या डोक्याच्या शाफ्टकडील टोकाला, शाफ्टला चिकटून. खऱ्या चेंडूने हेच केले असते तर तो थेट उजवीकडे आडवा उडाला असता. दोन दिवस मला वाटत राहिले की माझा तोल पुढे जात आहे. दोष होता तो ताणलेल्या सुतळीत, आणि तोही दुहेरी. शाफ्ट रिंगच्या मध्यातून जात नाही, तो तिच्या वरच्या पृष्ठभागावर टेकतो. पाइपची अर्धी जाडी १६ मिलिमीटर आणि शाफ्टची सुमारे सहा, एवढ्या अंतराने खरे प्रतल रिंगच्या बाहेर सरकते आणि जमिनीवर तो फरक सुमारे अडीच सेंटिमीटर होतो. शिवाय शाफ्टची रेषा चेंडूला जाऊन मिळतच नाही. ती मिळते क्लबच्या टाचेला, आणि चेंडू त्यापलीकडे आणखी सुमारे तीन सेंटिमीटरवर असतो. पायपुसणे साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकवल्यावर ठसे मध्यावर आले.

पुढे हे काम करणाऱ्याने सुतळी वापरूच नये. क्लब हातात घेऊन योग्य उभे राहावे, शाफ्ट रिंगवर टेकवावा आणि क्लबफेसचा मध्य जेथे येईल तेथे चेंडू ठेवावा. सगळी बेरीज-वजाबाकी आपोआप होते.

२ मार्च

मागच्या नोंदीतील ‘योग्य उभे राहावे’ हे शब्द मी लिहिले तेव्हा माझे उभे राहणेच चुकीचे होते.

आज रेंजवरील प्रशिक्षकांची वेळ घेतली, एका सत्राचे १,२०० रुपये. लहानपणी कॅडी (खेळाडूची क्लबची पिशवी वाहणारा) म्हणून सुरुवात करून ते येथवर आले आहेत आणि मोजकेच बोलतात. मी चेंडूसमोर उभा राहिलो. त्यांनी स्विंग करूच दिला नाही. वाकून माझ्या क्लबच्या टोखाली (डोक्याच्या शाफ्टपासून दूरच्या टोकाखाली) एकावर एक नाणी सरकवू लागले. चार नाणी आरामात आत गेली. “तुमचे हात खाली आहेत, वजन बोटांवर आहे, आणि क्लब टाचेवर उभा आहे. तुमचा डिव्हट टाचेकडे खोल पडत असणार,” ते म्हणाले. मी मॅटवर मारत असल्याने डिव्हट, म्हणजे फटक्याने गवतात पडणारा खळगा, कधी पाहिलाच नव्हता. गवतावर तीन चेंडू मारायला लावले, आणि तिन्ही डिव्हट टाचेच्या बाजूला खोल होते.

त्यांनी माझे हात दोन बोटे वर घेतले, वजन पावलांच्या मध्यावर आणले आणि कंबरेतून थोडे अधिक वाकायला सांगितले. आता टोखाली एकच नाणे जाते. तेवढे चालते, कारण स्विंगच्या वेगात शाफ्ट टोच्या बाजूने किंचित खाली झुकतो आणि हातही उभे राहतानाच्या जागेपेक्षा थोडे वर आलेले असतात, त्यामुळे चेंडूपाशी तळ सपाट होतो. या नव्या उभे राहण्यात शाफ्टचा कोन ६० अंश भरला.

याचा अर्थ, कारखान्याचा आकडा फारसा चुकलेला नव्हता. माझा शाफ्ट रिंगवर टेकत नव्हता, तेव्हा रिंग मला माझी चूक सांगत होती, आणि मी स्वतःला बदलण्याऐवजी रिंग बदलली. तीन आठवडे, सुमारे आठशे स्विंग, चुकीच्या प्रतलावर घटवले. घरी येऊन रिंग ६० अंशांवर लावली. खालची कड जमिनीपासून ४३ सेंटिमीटर, वरची १७३. हे आकडे माझ्या पाच फूट आठ इंच उंचीसाठी आणि प्रमाणित लांबीच्या सेव्हन आयर्नसाठी आहेत, तसेच उचलू नयेत.

९ मार्च

आता रिंग खऱ्या अर्थाने बोलू लागली आहे. वर जाताना शाफ्ट पाइपवरून सरकतो तेव्हा सलग ‘सर्र’ असा आवाज येतो. वळताना उजवा खांदा पुढे आला की हा आवाज तुटतो, क्षणभर शांतता होते आणि मग शाफ्ट पुन्हा रिंगवर आपटून ‘ठक’ होते. डोळे चेंडूवर असतात, त्यामुळे चूक दिसत नाही, पण ऐकू येते. चित्रफीत पाहून पाच मिनिटांनी कळणारी गोष्ट त्याच क्षणी कळणे, हीच या रिंगची खरी किंमत आहे.

पहिल्या दिवशी चाळीसपैकी बत्तीस स्विंगमध्ये ठक झाले. ‘खांदा मागे ठेव’ असे स्वतःला बजावून काही फरक पडला नाही, उलट सगळे शरीर आखडले. फरक पडला तो क्रम बदलल्यावर. वर गेल्यावर आधी डाव्या टाचेवर वजन येऊ द्यायचे, हातांनी काही करायचे नाही. वजन डावीकडे गेले की हात आपल्या भाराने खाली येतात आणि खांद्याला पुढे झेपावण्यासाठी जागाच उरत नाही. हे इतके सावकाश करावे लागले की सुरुवातीला चेंडू ठेवलाच नाही. आज चाळीसपैकी अकरा ठक.

२३ मार्च

गच्चीवर चाळीसपैकी दोन ठक एवढी प्रगती घेऊन मोठ्या आशेने रेंजवर गेलो आणि तीसपैकी अठरा चेंडू उजवीकडे गेले. एकही डावीकडे निघाला नाही. सगळे सुरुवातीपासूनच उजवीकडे, काही सरळ, काही आणखी उजवीकडे वळणारे. सलग दहा आठवडे काम केल्यावर हे पाहणे फार जड गेले. मी परत येऊन रिंगचा कोन पुन्हा मोजला, चौकटीचे बोल्ट तपासले, पायपुसण्याची जागा मोजली. सगळे जागच्या जागी होते.

३० मार्च

चित्रफीत पाहिली तर क्लब प्रतलात आहे, थोडासा आतून बाहेरही येत आहे. मग चेंडू उजवीकडे का? प्रशिक्षकांकडे दुसरे सत्र घेतले आणि उत्तर मिळाले. चेंडू कोणत्या दिशेने निघेल, हे मुख्यतः क्लबफेसवर ठरते. क्लबचा मार्ग त्यात थोडाच वाटेकरी असतो, आणि या दोहोंमधील फरकाने चेंडू वळतो. माझा क्लबफेस वर्षभर उघडाच होता. पूर्वी मार्ग डावीकडे होता म्हणून चेंडू डावीकडे निघून उजवीकडे परतायचा आणि कसाबसा मैदानात राहायचा. आता मार्ग सुधारला, पण क्लबफेस तसाच राहिला.

इतके दिवस जी गोष्ट मी कारण समजत होतो, ती बहुधा परिणाम होती. क्लबफेस उघडा आहे हे हातांना माहीत असते. चेंडू उजवीकडे जाणार, हे ओळखून खांदा त्याला डावीकडे ओढायला धावतो. त्यामुळे प्रतल सुधारण्याआधी ग्रिप, म्हणजे क्लब धरण्याची पद्धत, तपासली असती तर किमान एक महिना वाचला असता, असे मला आज ठामपणे वाटते.

डावा हात ग्रिपवर उजवीकडे वळवला. पूर्वी वरून पाहताना डाव्या हाताची एकच गाठ दिसत होती, आता अडीच दिसतात. बॅकस्विंगच्या शेवटी डावे मनगट मागे मोडत होते, ते सपाट ठेवायचे. त्यासाठी घड्याळाच्या पट्ट्याखाली एक लाकडी फुटपट्टी अडकवून रिकाम्या हाताने सराव केला. मनगट मागे मोडले की पट्टी हाताच्या पाठीत रुतते. नवी ग्रिप पहिले चार दिवस अगदी परकी वाटली आणि हाताला दोन फोड आले.

६ एप्रिल

रिंगचा एक दोष आता नोंदवणे भाग आहे. ती शाफ्टला आधार देते. मी नकळत क्लबचे वजन तिच्यावर टाकून फिरवत होतो, जिना उतरताना कठड्यावर भार टाकावा तसा. रिंगविना स्विंग केला की पहिले चार-पाच स्विंग पुन्हा जुन्या वळणावर जात होते. शिवाय रिंग क्लबला प्रतलाखाली जाऊच देत नाही, आणि अनेक चांगल्या खेळाडूंचा क्लब खाली येताना वर जाण्याच्या मार्गापेक्षा जरा सपाट असतो.

म्हणून चौकटीच्या पायांत नवी छिद्रे पाडून रिंग पाच सेंटिमीटर खाली उतरवली. आता नीट स्विंग झाला तर शाफ्ट तिला स्पर्शही करत नाही. एक स्विंग रिंगमध्ये, एक बाहेर, असा आळीपाळीने सराव. ठक ऐकण्याची सोय यात गेली, पण आता ती फारशी लागत नाही.

रेंजवर रिंग नेता येत नाही. तेथे पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली चेंडूच्या चार बोटे पलीकडे आणि वीतभर मागे आडवी ठेवतो. क्लब बाहेरून आला तर बाटली उडते. मागे-पुढे कोणी उभे नाही, हे पाहूनच ठेवावी. आज पन्नास चेंडूंत बाटली सहा वेळा उडाली, आणि सहाही वेळा मी घाईने मारले होते.

१८ एप्रिल

प्रशिक्षकांकडे तिसरे आणि शेवटचे सत्र. त्यांनी वीस चेंडू पाहिले आणि फक्त वेगाबद्दल बोलले. बॅकस्विंगला जेवढा वेळ, त्याच्या साधारण एक तृतीयांश डाउनस्विंगला, हे प्रमाण माझे सांभाळले जात नाही. थकलो की बॅकस्विंग आखूड आणि घाईचा होतो. दोन-तीन आठवडे एका बैठकीत चाळीसपेक्षा जास्त चेंडू मारू नयेत, असे त्यांनी सांगितले आणि ते मी पाळत आहे.

२७ एप्रिल

पाच जानेवारीला मारले होते तसेच तीस चेंडू, त्याच जागेवरून, त्याच क्लबने. सतरा लक्ष्याच्या आसपास पडले. सहा उजवीकडे हलके वळले, चार डावीकडे वळले, तीन वेळा क्लब जमिनीला आधी लागून चेंडू अर्ध्यात पडला. डावीकडे वळणारा चेंडू मी या क्लबने यापूर्वी कधीही मारलेला नव्हता. चित्रफितीत तीसपैकी सव्वीस स्विंगमध्ये खाली येताना शाफ्ट आखलेल्या रेघेला समांतर आहे. उरलेल्या चारांत खांदा पुन्हा पुढे आला, आणि ते चारही शेवटच्या दहा चेंडूंतले आहेत.

खर्चाचा हिशोब: रिंग आणि चौकट ३,११८ रुपये, ट्रायपॉड ७५०, स्पंजचे चेंडू ३००, प्रशिक्षकांची तीन सत्रे ३,६००, रेंजवरील चेंडूंच्या चौदा बादल्या ३०० रुपयांप्रमाणे ४,२००. एकूण ११,९६८ रुपये. पुन्हा हेच काम करायचे झाले तर पहिले सत्र पहिल्याच आठवड्यात घेईन आणि उभे राहणे व ग्रिप त्यांच्याकडून तपासून घेतल्याशिवाय चौकटीचे एकही छिद्र पाडणार नाही.

रिंग सध्या गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवली आहे आणि वेल्डच्या उघड्या जागेवर पावसाळ्यापूर्वी रेड ऑक्साइडचा हात मारायचा आहे. ड्रायव्हरसाठी मागच्या पायांत आणखी खाली छिद्रे लागतील. ती कोठे पाडायची, हे या वेळी ड्रायव्हर हातात घेऊन, प्रशिक्षकांसमोर उभे राहून आणि शाफ्टचा कोन तेथेच मोजून ठरवायचे आहे. त्यासाठी दहा मे रोजी सकाळी सातची वेळ घेतली आहे.